डेसिडेरिअस इरॅस्मस रॉटरोडामस : एका नावाची फोड

आज आपण एका नावाची फोड करणार आहोत. नाव आहे डेसिडेरिअस इरॅस्मस रॉटरोडामस. यातला मधला शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेलेला असतो, आणि तो बहुधा शिष्यवृत्तीमुळे. युरोपात शिकायला जाऊ पाहणारी आपल्याकडची मुलं 'इरॅस्मस मुंडस'साठी अर्ज करतात. 'तिला इरॅस्मस मिळाली' असं आपण सहज बोलूनही जातो. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एक योजना सुरू केली आणि तिच्या लांबलचक इंग्रजी नावातली अक्षरं अशी जुळवली, की त्यातून या विद्वानाचं नाव उमटावं. 'मुंडस' म्हणजे लॅटिनमध्ये जग. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही सामावून घेणारा हा भाग २००४ मध्ये आला.

तर ज्याचं नाव असं शिष्यवृत्तीवर लागलं, तो माणूस कोण? प्रबोधनकाळात, म्हणजे रेनेसाँसच्या काळात, आल्प्स पर्वताच्या उत्तरेला जे विद्वान झाले त्यांतला हा सर्वांत नावाजलेला. जन्म रॉटरडॅमचा, २८ ऑक्टोबरचा. वर्षाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण ते १४६६ ते १४६९ यांच्या दरम्यानचं. मृत्यू बाझल शहरात, जुलै १५३६ मध्ये. १५०० साली त्याने ग्रीक आणि लॅटिन म्हणींचा संग्रह छापला, तो 'अडाजिया'. पहिल्या आवृत्तीत आठशेच्या आसपास म्हणी होत्या, तो मरेपर्यंत त्या चार हजारांच्या वर गेल्या. १५११ मध्ये 'मूर्खपणाची स्तुती' आलं. १५१६ मध्ये त्याने बायबलच्या नव्या कराराची ग्रीक संहिता, सोबत स्वतःचं लॅटिन भाषांतर जोडून, प्रसिद्ध केली. युरोपभर त्याची पुस्तकं खपत होती आणि राजेरजवाडे त्याला पत्रं लिहीत होते.

आता त्याचं नाव मराठी डोळ्यांनी वाचून बघा. अर्ज भरताना आपण तीन रकाने भरतो: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इथेही तीन शब्द आहेत. त्यामुळे पटकन वाटतं, डेसिडेरिअस त्याचं नाव, इरॅस्मस वडिलांचं आणि रॉटरोडामस आडनाव. प्रत्यक्षात काय आहे? मधला शब्द बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला. पहिला त्याने मोठेपणी स्वतःच लावून घेतलेला. तिसरा गावावरून आलेला. वडिलांचं नाव यात कुठेच नाही.

आणि हे वाटतं तितकं साधं नाही. त्या काळी हॉलंडात आडनावं अजून सगळीकडे रुजलेली नव्हती. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आणि त्याला जोडून 'मुलगा' या अर्थाचा 'झोन' हा शब्द, अशी सर्वसाधारण रीत होती. त्याच्या वडिलांचं नाव होतं जेरार्ड, डच बोलीत गेरिट. म्हणजे रीतीप्रमाणे तो 'इरॅस्मस गेरिट्सझोन' व्हायला हवा होता. पण या विद्वानाने आपल्या पुस्तकांवर बापाचं नाव छापलं नाही. का, ते समजण्यासाठी आधी त्याच्या जन्माकडे जावं लागेल.

जन्माचा प्रश्न

इरॅस्मसची आई मार्गारेट. ती एका वैद्याची मुलगी. वडील जेरार्ड हे गाऊडा गावचे, इटलीत हस्तलिखितांच्या नकला करण्याचं काम केलेले, शिकलेले गृहस्थ. आणि ते कॅथलिक धर्मगुरू होते. कॅथलिक धर्मगुरूला लग्न करता येत नाही. म्हणजे या दोघांचं लग्न झालेलं नव्हतं आणि होऊ शकतही नव्हतं. या जोडप्याला दोन मुलगे झाले. थोरला पीटर, धाकटा इरॅस्मस.

इरॅस्मसचं म्हणून मानलं जाणारं १५२४ चं एक छोटं आत्मवृत्त आहे. त्यात ही गोष्ट फार हळवी करून सांगितली आहे. जेरार्डला मार्गारेटशी लग्न करायचं होतं, घरच्यांनी विरोध केला, तो रोमला निघून गेला. तिथे त्याला 'मार्गारेट वारली' असं खोटंच कळवण्यात आलं, आणि दुःखाच्या भरात त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली. परत येऊन बघतो तर ती जिवंत! चार्ल्स रीड या इंग्रज कादंबरीकाराने १८६१ मध्ये याच कथेवर मोठी कादंबरी लिहिली. कथा चटका लावणारी आहे, पण तिच्यात पीटर बसत नाही. इरॅस्मसच्या आधी सुमारे तीन वर्षं जन्मलेला सख्खा भाऊ असेल, तर एका चुकीची आणि एका ताटातुटीची ही गोष्ट डळमळते. जेरार्ड आधीपासूनच धर्मगुरू असावा, असं मत बऱ्याच अभ्यासकांनी मांडलं आहे.

दोन्ही मुलांकडे आईवडिलांनी दुर्लक्ष केलं असं मात्र दिसत नाही. डेव्हेंटरच्या नावाजलेल्या शाळेत त्यांना शिकायला ठेवलं होतं. पण १४८३-८४ च्या सुमारास प्लेगच्या साथीत आधी आई गेली, मग वडीलही गेले. पालकांनी मुलांना मठात ढकललं. इरॅस्मस गाऊडाजवळच्या स्टेन इथल्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला आणि १४९२ मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

आता कायद्याचा भाग बघू. चर्चच्या कायद्यात अनौरस जन्म हा 'जन्मदोष' मानला जाई. असा दोष असलेल्याला खास परवानगीशिवाय दीक्षा घेता येत नसे आणि चर्चच्या उत्पन्नाची पदं स्वीकारता येत नसत. त्यातही धर्मगुरूचं मूल म्हणजे जास्तच अवघड. त्या काळच्या विद्वानाला पोट भरायला दोनच मोठे आधार होते: एखादा धनवान आश्रयदाता, नाहीतर चर्चचं उत्पन्नाचं पद. म्हणजे वडिलांचं नाव उघडपणे मिरवणं हा नुसत्या लाजेचा प्रश्न नव्हता, भाकरीचाही होता. ही पार्श्वभूमी मनात ठेवून आता एकेक शब्द घेऊ.

मधला शब्द: इरॅस्मस

हे त्याचं मूळ नाव, आणि ते एका संताचं आहे. संत इरॅस्मस हे इटलीतल्या फॉर्मिया गावचे बिशप. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या काळात, इसवी सन ३०३ च्या सुमारास, ते हुतात्मा झाले असं परंपरा मानते. संकटात धावून येणाऱ्या चौदा संतांच्या मालिकेत त्यांची गणना होते. पोटाच्या दुखण्यात त्यांचा धावा केला जाई आणि खलाशी त्यांना आपला रक्षणकर्ता मानत. इटालियन बोलीत इरॅस्मसचं 'एर्मो' आणि पुढे 'एल्मो' झालं. वादळी हवेत जहाजाच्या डोलकाठीच्या टोकावर जी निळसर ज्योत दिसते, तिला युरोपात 'संत एल्मोचा अग्नी' म्हणतात. तो एल्मो म्हणजे हाच इरॅस्मस.

विद्वानाच्या जन्माच्या काळात त्या प्रदेशात या संताची भक्ती जोरात होती. लूव्हेन शहरातल्या सेंट पीटर चर्चमध्ये डिर्क बाउट्स या चित्रकाराने रंगवलेलं संत इरॅस्मसच्या हौतात्म्याचं चित्र आजही आहे. ते साधारण याच सुमाराचं. तेव्हा एखाद्या बाळाचं नाव इरॅस्मस ठेवणं यात जगावेगळं काही नव्हतं.

शब्दाचा अर्थ काय? मूळ ग्रीक. 'एरान' म्हणजे प्रेम करणं, आसक्त होणं. 'एरोस' हा प्रेमाचा देव त्याच कुळातला. 'एरास्मिओस' म्हणजे प्रिय, हवाहवासा. आता यातला 'इ' लक्षात ठेवा: एरास्म-इ-ओस. लॅटिनमध्ये याचं नीट रूप 'इरॅस्मिअस' व्हायला हवं. बालपणी मिळालेल्या नावात तो 'इ' नव्हता. तरुणपणी तर तो आपलं नाव 'हेरॅस्मस' असंही लिहीत असे. ग्रीक पक्कं झाल्यावर हा उणा 'इ' त्याला खुपू लागला. बिआटुस रेनानुस या त्याच्या मित्राने नोंदवून ठेवलं आहे, की आपण इरॅस्मिअस असं नाव घेतलं नाही याची त्याला हळहळ वाटे. पण तोवर हजारो पुस्तकांवर इरॅस्मस छापून झालं होतं. मग त्याने काय केलं? बाझलचा प्रकाशक योहान फ्रोबेन याच्या मुलाचा तो धर्मपिता होता. त्या मुलाचं नाव ठेवलं इरॅस्मिअस! १५२२ मध्ये आपल्या 'संवाद' या गाजलेल्या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्याने याच लहानग्याला उद्देशून लिहिली.

पहिला शब्द: डेसिडेरिअस

हा शब्द तो १४९६ पासून वापरू लागला. वय तिशीला टेकलेलं, मुक्काम पॅरिसमध्ये. लॅटिनमध्ये 'डेसिडेरिउम' म्हणजे इच्छा, ओढ. विशेषतः जे जवळ नाही त्याची ओढ. गेलेल्या माणसाची आठवण येऊन जीव कासावीस होतो, त्यालाही हाच शब्द. डेसिडेरिअस हे नाव ख्रिस्ती जगात जुनंच होतं. आठव्या शतकातल्या लाँबार्डांच्या शेवटच्या राजाचं नाव डेसिडेरिअस. फ्रेंच भाषेतलं 'दिदिए' त्याच्यापासूनच आलं.

म्हणजे बघा, इरॅस्मस हा ग्रीक शब्द आणि डेसिडेरिअस हा लॅटिन शब्द, दोघांचा अर्थ जवळपास एकच. इच्छित, हवाहवासा. विद्वत्तेच्या दोन्ही भाषांत त्याने एकच गोष्ट दोनदा म्हटली. या जुळणीत भाषेचा खेळ आहेच. पण जो जन्म कायद्याच्या लेखी व्हायलाच नको होता, त्या जन्माच्या माणसाने 'हवाहवासा' हा अर्थ स्वतःच्या नावात दुप्पट करून घ्यावा, हेही नजरेआड करता येत नाही. त्याच्या मनात नेमकं काय होतं हे त्याने लिहून ठेवलेलं नाही, म्हणून आपण इथेच थांबू.

'भाषांतरा'ची गोष्ट तपासून बघू

आता एका लोकप्रिय कथेकडे येऊ. अनेक जुन्या पुस्तकांत असं सांगितलेलं सापडतं, की याचं खरं नाव 'गेरिट गेरिट्सझोन' होतं आणि त्याने त्याचंच लॅटिन-ग्रीक भाषांतर केलं. कसं? तर डच भाषेत 'बेखेरेन' म्हणजे इच्छा करणं. जेरार्डमधला 'जेर' तोच, म्हणून जेरार्ड म्हणजे इच्छित. त्याचं लॅटिन डेसिडेरिअस, ग्रीक इरॅस्मस. गणित चोख जुळतं. नावांच्या बाबतीत इतकं चोख काही जुळलं, की जरा थांबून तीन प्रश्न विचारावेत: शब्दाचं मूळ खरंच ते आहे का? नाव कुणी दिलं? आणि केव्हा?

पहिला प्रश्न. जेरार्ड हे जुनं जर्मानिक नाव आहे. 'गेर' म्हणजे भाला आणि 'हार्ड' म्हणजे बळकट, शूर. त्याचा इच्छेशी संबंध नाही. याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो: ध्वनी सारखा वाटला म्हणून अर्थ जोडला. अर्थात एवढ्याने कथा पडत नाही. त्या काळच्या लोकांना भाषाशास्त्र कुठे ठाऊक होतं? चुकीच्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवूनही कुणी नाव घेऊ शकतो.

म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न महत्त्वाचा. इरॅस्मस हे नाव त्याला तान्हेपणी इतरांनी दिलं. तेव्हा भाषांतर करायला तो बोलतही नव्हता. डेसिडेरिअस त्याने सुमारे तीस वर्षांनी घेतलं. म्हणजे क्रम उलटा आहे. आधी इरॅस्मस होतं आणि त्याच्या अर्थाला जुळेल असं डेसिडेरिअस मागाहून आलं. बापाच्या नावाचं भाषांतर करून त्याने इरॅस्मस 'बनवलं', ही गोष्ट कालक्रमातच बसत नाही. गेरिट गेरिट्सझोन हे त्याचं नाव म्हणून नंतरच्या काळात रुळलं.

मग ही कथा इतकी का रुजली? कारण त्या काळी असं भाषांतर खरोखर होत होतं. फिलिप मेलांकथॉन हा ल्यूथरचा सहकारी. त्याचं घरचं आडनाव श्वार्ट्सएर्ड, ऐकायला 'काळी माती' असं. त्याचा नातेवाईक आणि गुरू योहान रॉइखलिन याने १५०९ मध्ये त्याचं ग्रीक केलं: मेलांकथॉन. खुद्द रॉइखलिनच्या नावात जर्मन 'धूर' ऐकू येतो, म्हणून तो ग्रीकमध्ये 'काप्निओ' झाला. रुडॉल्फ आग्रिकोला म्हणजे शेतकरी. त्याचं डच नाव हाउसमन, त्याचा अर्थही तोच. इरॅस्मसने शाळकरी वयात डेव्हेंटरला याला पाहिलं होतं. नकाशे काढणारा मर्केटर हा मूळचा क्रेमर, म्हणजे छोटा व्यापारी, लॅटिनमध्ये मर्केटर. या सगळ्यांकडे भाषांतर करायला घरचं आडनाव होतं. इरॅस्मसकडे तेच उघडपणे लावण्याजोगं नव्हतं. त्यामुळे तो या रांगेत उभा दिसला तरी त्याची गोष्ट वेगळी ठरते.

तिसरा शब्द: रॉटरोडामस

याचा अर्थ सरळ आहे: रॉटरडॅमचा. आपल्या भाषेत 'रॉटरडॅमकर' म्हणा. रॉटे नावाची नदी आणि तिच्यावर तेराव्या शतकात घातलेला बंधारा, म्हणजे डॅम. त्यावरून गावाचं नाव रॉटरडॅम. १५०० च्या 'अडाजिया'वर हा शब्द थोड्या वेगळ्या रूपात, 'रॉटरडामस' असा दिसतो. रॉटरोडामस हे रूप मागाहून स्थिरावलं.

गंमत अशी, की या गावात तो फारसा राहिलाच नाही. जेमतेम चारेक वर्षं. बापाचं गाव गाऊडा, शाळा डेव्हेंटरला, मठ स्टेनला, पुढचं आयुष्य पॅरिस, इंग्लंड, इटली, लूव्हेन, बाझल, फ्रायबुर्ग असं फिरतीवर. बापाचं गाव सोडून आईने रॉटरडॅममध्ये बाळंत व्हावं, यामागे गाऊडातली कुजबुज टाळणं असावं, असा तर्क केला जातो. ते काही असो, जिथे बापाचं नाव यायचं तिथे त्याने गाव ठेवलं. गावाला कुणी औरस-अनौरस विचारत नाही.

नावामागची भीती

हे सगळं आपण कल्पनेने रंगवतो आहोत का? त्याच्याच कागदांकडे बघू. १५१६ हे त्याचं वैभवाचं वर्ष. नवा करार छापून झाला होता. तरुण राजा चार्ल्स, म्हणजे पुढचा सम्राट पाचवा चार्ल्स, याचा सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती. चर्चचं उत्पन्नाचं पद मिळण्याची चिन्हं होती. आणि नेमक्या त्याच वर्षी पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस आपल्या जन्माची अडचण मिटवण्यासाठी रोमला अर्ज करत होता.

त्याच सुमाराचं त्याचं एक लांबलचक पत्र आहे, पोपच्या दरबारातल्या लाम्बेर्टुस ग्रुनिउस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं. हा अधिकारी काल्पनिक आहे. पत्रात दोन पोरक्या भावांची हकिकत येते. पालकांनी त्यांना दडपण आणून मठात कसं घातलं, याचं वर्णन येतं. भावांची नावं आहेत आंटोनिअस आणि फ्लोरेन्टिअस. वाचणाऱ्याला कळतं, की फ्लोरेन्टिअस म्हणजे इरॅस्मसच. ज्याचं नाव युरोपभर गाजत होतं, त्याला स्वतःची हकिकत सांगताना तेवढं नाव बाजूला ठेवावं लागलं.

जानेवारी १५१७ मध्ये पोप दहाव्या लिओने त्याला सूट दिली. जन्मदोष असूनही पदं घेता येतील, मठाचा पोशाख न घालता बाहेर राहता येईल. एप्रिलमध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर इथे त्याचा मित्र आंद्रेआ अम्मोनिओ याने पोपच्या वतीने हा विधी उरकला. वडील जाऊन तेव्हा तीसहून अधिक वर्षं झाली होती.

नाव बाहेर पडल्यावर

छापखान्याच्या जगात नाव म्हणजे मालमत्ता आणि लक्ष्यही. विरोधकांनी इरॅस्मसचं 'एरान्स मूस' केलं, म्हणजे लॅटिनमध्ये चुकत भटकणारा उंदीर. तो स्वतःही या खेळात मागे नव्हता. टॉमस मोर हा त्याचा जिवलग इंग्रज मित्र. 'मूर्खपणाची स्तुती'चं ग्रीक-लॅटिन नाव 'मोरिए एन्कोमिउम'. 'मोरिआ' म्हणजे मूर्खपणा, पण कानाला ते 'मोरची स्तुती' असंही ऐकू येतं. मोरसारख्या शहाण्या माणसाच्या नावात मूर्खपणा सापडावा, याची मौज त्याने अर्पणपत्रिकेत करून घेतली. दुसऱ्याच्या नावाशी तो इतका मोकळेपणाने खेळला. स्वतःच्या वडिलांच्या नावाबद्दल मात्र आयुष्यभर जपून बोलला.

आणि शेवटी रॉटरडॅम. तिथे १६२२ मध्ये हेन्ड्रिक दे केयसर याने घडवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, तो आजही आहे. तिथल्या विद्यापीठाला १९७३ मध्ये त्याचं नाव मिळालं आणि १९९६ मध्ये नदीवरच्या मोठ्या पुलालाही. ज्याने शहराचं नाव लावून घेतलं, त्याचं नाव आता शहर लावतं.

आपण आज जे तीन प्रश्न वापरले – मूळ काय, कुणी दिलं, केव्हा दिलं – ते कोणत्याही नावाला लावून बघण्यासारखे आहेत. इरॅस्मसच्या बाबतीत त्यांची उत्तरं अशी आली: संताचं नाव घरच्यांनी दिलं, त्याचा लॅटिन जोडीदार तिशीच्या आसपास त्याने स्वतः निवडला, आणि बापाच्या जागी गाव आलं. पुढच्या वेळी कुणी 'इरॅस्मस'चा अर्ज भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्याशी पोहोचेल, तेव्हा हा माणूस आठवावा, एवढंच. आजच्यापुरतं इथे थांबू.